ठरीव वाटा आणि विसराळू माणसे

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या गावी बँकेच्या शाखेत चार तास बसून राहण्याचा योग प्रस्तुत लेखकास आला. महिन्याचा पहिला आठवडा होता. निवृत्तिवेतन घेण्यासाठी आलेली वृद्ध मंडळी बाकांवर बसली होती, बाकांवर जागा न मिळालेली पायऱ्यांवर, आणि उरलेली रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपाशी. 'लिंक नाही' एवढेच उत्तर खिडकीतून मिळत होते. एका बाईंना मुलाला इस्पितळातून घरी न्यायचे होते. पैसे त्यांच्या खात्यात होते, पासबुकात छापलेले दिसत होते. पण हातात येत नव्हते. शाखेला लाइनी मात्र दोन होत्या. एक जमिनीखालून आलेली केबल, आणि दुसरी गच्चीवरच्या अँटेनातून येणारी बिनतारी. केबल गावापासून दहाबारा किलोमीटरवर रस्त्याच्या खोदकामात तुटली होती. दुसरी लाइन उत्तम चालू होती आणि तिचे भाडे दरमहा बिनबोभाट भरले जात होते. दुपारी जिल्ह्याहून एक तरुण तंत्रज्ञ आला, त्याने एका यंत्रातील एक ओळ बदलली, आणि पाच मिनिटांच्या आत टोकने पुकारली जाऊ लागली.

ही एक ओळ कोणती होती, हे समजून घेणे आज सामान्य नागरिकालाही आवश्यक झाले आहे. बँक, इस्पितळ, तहसील कचेरी, रेल्वेचे आरक्षण ही सारी आता संगणकांच्या जाळ्यावर उभी आहेत. जाळ्यातील वाटा कोणी ठरवल्या, केव्हा ठरवल्या आणि त्यानंतर त्यांच्याकडे कोणी वळून पाहिले की नाही, यावर त्या बाईंचे पैसे वेळेवर मिळणे अवलंबून असते. असा विषय केवळ तंत्रज्ञांच्या खोलीत ठेवून भागणार नाही.

संगणकजाळ्यात माहिती लहान लहान पाकिटांच्या रूपाने फिरते. प्रत्येक पाकिटावर मुक्कामाचा पत्ता असतो. वाटेतील प्रत्येक नाक्यावर राउटर नावाचे यंत्र बसलेले असते. ते पत्ता वाचते, आपल्याजवळच्या मार्गतक्त्यात पाहते आणि पाकीट पुढच्या नाक्याकडे सोपवून मोकळे होते. संपूर्ण प्रवासाचा विचार ते करीत नाही. 'अमुक पत्त्याचे पाकीट आले तर तमुक शेजाऱ्याकडे द्यावे' एवढेच त्याचे ज्ञान. मार्गतक्त्यातील ही नोंद मुख्यत: दोन रीतींनी येते. एक तर माणूस ती स्वत: लिहितो, तंत्रज्ञ हिला स्टॅटिक रूट म्हणतात, आपण तिला ठरीव वाट म्हणू. किंवा राउटर आपापसांत बोलतात, कोणाकडून कोठे जाता येते हे एकमेकांस कळवतात आणि त्यावरून आपला तक्ता स्वत:च भरतात. त्या शिकलेल्या वाटा.

ठरीव वाट ही काही संगणकयुगाने आणलेली नवलाई नव्हे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी आपल्या देशात पिनकोडची पद्धत सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील अधिकारी होते, तसेच संस्कृतचे पंडित आणि कवीही होते. सहा आकड्यांपैकी पहिल्या तिहींवरून पत्र कोणत्या वर्गीकरण-जिल्ह्याचे ते ठरते आणि शेवटच्या तिहींवरून टपाल कचेरी. त्यामुळे कोलकात्यात टपाल निवडणाऱ्या माणसाला पुणे जिल्ह्यातील गावे पाठ असण्याचे कारण राहिले नाही. ४११ने सुरू होणारे पत्र पुण्याच्या खणात टाकले, ४०३ने सुरू होणारे गोव्याच्या खणात टाकले, की त्याचे काम संपले. हा खण म्हणजे ठरीव वाटच होय. पुणे उद्या दुसरीकडे जाणार नाही या विश्वासावर तो उभा आहे, आणि तो विश्वास रास्त आहे. ठरीव वाटेचे सारे सामर्थ्य अशा न बदलणाऱ्या गोष्टींत आहे. आणि तिचा सारा धोका, बदलणारी गोष्ट न बदलणारी मानण्यात.

माणसाचा शब्द आणि यंत्राचा विश्वास

बँकेच्या त्या शाखेत काय घडले? राउटरमध्ये 'मुख्य कचेरीकडे जायचे तर केबलच्या बाजूने' अशी नोंद हाताने केलेली होती. केबल जिथे शाखेत शिरते, तिथे कंपनीने एक पेटी बसवली होती आणि त्या पेटीचे दिवे लागलेले होते. राउटरला दिसत होती ती पेटीपर्यंतची हातभर तार. ती शाबूत होती. त्यापलीकडे दहाबारा किलोमीटरवर काय झाले, हे त्याला कळण्याची सोय नव्हती आणि कळवून घेण्याची आज्ञाही नव्हती. ते इमानेइतबारे प्रत्येक पाकीट तुटलेल्या तारेच्या दिशेने ढकलत राहिले. पुढे रस्ता खचला आहे हे ठाऊक नसलेल्या चालकाने पाटी वाचून गाडी त्याच दिशेला घालावी, तसे हे झाले. चालकाचा दोष नाही आणि पाटीचाही नाही. रस्ता खचल्यावर पाटी फिरवण्याचे काम कोणाचे, हे ज्याने ठरवले नाही त्याचा दोष.

येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. एकाच मुक्कामाच्या दोन वाटा राउटरला वेगवेगळ्या रीतींनी कळल्या, तर विश्वास कोणावर ठेवायचा? सिस्को कंपनीच्या राउटरमध्ये यासाठी अंक ठरवून दिलेले आहेत आणि अंक जितका लहान तितका विश्वास अधिक. स्वत:ला थेट जोडलेल्या तारेला ०, माणसाने लिहिलेल्या वाटेला १, ओएसपीएफ नावाच्या पद्धतीने शेजाऱ्यांकडून शिकलेल्या वाटेला ११० आणि आरआयपी या जुन्या पद्धतीने शिकलेल्या वाटेला १२०. म्हणजे माणसाने एकदा शब्द दिला की यंत्राने स्वत: विचारपूस करून मिळवलेले ज्ञान त्यापुढे बाद ठरते. माणसावर इतका विश्वास टाकणारे यंत्र निर्माण झाले, हा मानवजातीचा गौरव म्हणावा. परंतु शब्द देणाऱ्याने तो देऊन विसरून जावे, बदली होऊन दुसऱ्या गावी जावे आणि यंत्राने मात्र वर्षानुवर्षे तो पाळत बसावे, यात त्या गौरवाची शोभा राहत नाही.

ठरीव वाटांचा दुसरा दोष असा की त्या एकमेकींना ओळखत नाहीत. मुख्य कचेरीने एखाद्या शाखेला १०२४ पत्त्यांचा एक गट देऊन ठेवला आणि 'या गटातील सर्व पाकिटे शाखेकडे' अशी नोंद केली. शाखेने त्यातले २५६ पत्तेच वापरात आणले, आणि 'जे माझे नाही ते सर्व मुख्य कचेरीकडे' अशी सरसकट नोंद आपल्याकडे केली. दोन्ही नोंदी आपापल्या जागी निर्दोष आहेत. आता न वापरलेल्या पत्त्याचे एक पाकीट आले तर काय होईल? मुख्य कचेरी ते शाखेकडे पाठवील, शाखा ते परत पाठवील, मुख्य कचेरी पुन्हा शाखेकडे. सरकारी कचेऱ्यांतून ज्यांचे अर्ज फिरले आहेत त्या वाचकांना हे चित्र अपरिचित वाटणार नाही. फरक एवढाच की पाकिटावर प्रवासाची मर्यादा लिहिलेली असते. ती २५५ टप्प्यांहून अधिक असू शकत नाही. मर्यादा संपली की पाकीट नष्ट होते. अर्जाला ती सोय नाही. यावरचा उपाय सोपा आहे: 'या गटातील जे पत्ते मी वापरत नाही, त्यांची पाकिटे टाकून द्यावीत' अशी एक ठरीव वाट शाखेने आपल्याकडे लिहून ठेवावी. कोठेही न नेणारी ही वाट अत्यंत उपयुक्त आहे, आणि अत्यंत घातकही ठरू शकते. तिची दुसरी बाजू पुढे येणारच आहे.

तिसरा दोष हिशेबाचा. शंभर कचेऱ्या असतील आणि प्रत्येकीने इतर सर्वांच्या वाटा हाताने लिहावयाच्या म्हटल्या, तर ९,९०० नोंदी होतात. एक कचेरी वाढली की दोनशे नोंदी वाढतात. इतक्या नोंदी कोणी बिनचूक लिहील आणि बिनचूक राखील अशी अपेक्षा करणे म्हणजे मनुष्यस्वभावाचे अज्ञान. परंतु त्याच शंभर कचेऱ्या जर एकेका तारेने एकाच मध्यवर्ती कचेरीला जोडलेल्या असतील, तर प्रत्येक कचेरीत 'सर्व काही मध्यवर्ती कचेरीकडे' ही एक नोंद आणि मध्यवर्ती कचेरीत शंभर नोंदी, अशा दोनशे नोंदींत सारा कारभार आटोपतो. तेथे राउटरांनी आपसांत बोलण्याचे प्रयोजनच उरत नाही. ज्या वाड्याला एकच दार आहे, तेथे 'बाहेर कोठून जावे' ही चर्चा रोज सकाळी कशासाठी करावयाची?

ऐकण्यातला धोका

ठरीव वाटांचे दोष असे उघड असल्यामुळे, त्या काढून टाकाव्यात आणि सर्व राउटरांना आपसांत बोलू द्यावे, म्हणजे तार तुटली की ते आपोआप दुसरी वाट शोधतील, असा आग्रह धरणारा एक पक्ष आहे. नव्या पदवीधरांमध्ये तो प्रबळ आहे आणि यंत्रे विकणाऱ्यांना तो सोयीचाही आहे. या पक्षाचे म्हणणे अर्धे खरे आहे. शिकलेल्या वाटा नसत्या तर आजचे जगव्यापी इंटरनेट एक दिवसही उभे राहिले नसते. १९८९ साली बीजीपी नावाची पद्धत पुढे आली. निरनिराळ्या कंपन्यांची आणि देशांची जाळी 'आमच्यामार्फत अमुक पत्त्यांपर्यंत जाता येते' असे एकमेकांस या पद्धतीने कळवतात. तिचा पहिला आराखडा कर्क लॉखीड आणि याकोव्ह रेख्टर या दोघांनी एका भोजनाच्या वेळी हातरुमालासारख्या कागदांवर काढला, ही गोष्ट प्रसिद्धच आहे. जगाची वाहतूक आजही याच पद्धतीच्या सुधारलेल्या रूपावर चालते.

पण जो ऐकतो, त्याला खोटेही ऐकू येते. या पक्षाला हे दुसरे अर्धे सत्य सांगणे प्राप्त आहे.

२७ ऑक्टोबर १९८० रोजी आजच्या इंटरनेटचे पूर्वज असलेले अमेरिकेतील आर्पानेट हे जाळे कित्येक तास बंद पडले. कोणी हल्ला केलेला नव्हता, कोणती तार तुटलेली नव्हती. नाक्यावरचे प्रत्येक यंत्र आपल्या स्थितीचा निरोप सर्वांना पाठवीत असे आणि नवा निरोप कोणता हे कळावे म्हणून त्यावर क्रमांक घालीत असे. एका यंत्राच्या स्मृतीत बिघाड होऊन काही अंश गळाले आणि एकाच केंद्राचे तीन निरोप जाळ्यात फिरू लागले. क्रमांक ८, ४० आणि ४४. क्रमांक चक्राकार मोजले जात असल्यामुळे ४० पेक्षा ४४ नवा, ४४ पेक्षा ८ नवा आणि ८ पेक्षा पुन्हा ४० नवा, असा विलक्षण प्रकार झाला. प्रत्येक यंत्र प्रत्येक निरोप नवा समजून स्वीकारत राहिले आणि पुढे पाठवीत राहिले. निरोप ऐकण्यातच सर्वांचा वेळ जाऊ लागला. मूळ काम बाजूला राहिले. हा लोंढा थांबवण्यासाठी अखेर तंत्रज्ञांना यंत्रायंत्रातून 'या एका केंद्राचे काहीही ऐकू नये' अशी आज्ञा घालावी लागली. यंत्रांनी आपसांत बोलून निर्माण केलेला गोंधळ, ऐकू नका असे माणसाने सांगितल्यावरच मिटला.

दुसरे उदाहरण पाकिस्तानातले. फेब्रुवारी २००८ मध्ये तेथील सरकारी नियामकाने यूट्यूब बंद करण्याचा हुकूम काढला. अशी बंदी अमलात आणण्याची नेहमीची रीत म्हणजे मघाशी सांगितलेली कोठेही न नेणारी वाट: या पत्त्यांची पाकिटे टाकून द्यावीत. देशाच्या सीमेआत एवढेच घडले असते तर ते त्या देशापुरते राहिले असते. परंतु २४ फेब्रुवारी रोजी पाकिस्तान टेलिकॉमच्या जाळ्यातून ही वाट बाहेर गेली आणि 'यूट्यूबकडे आमच्यामार्फत यावे' अशी दवंडी तिने जगभर पिटली. हाँगकाँगच्या ज्या मोठ्या कंपनीमार्फत पाकिस्तानचे जाळे जगाशी जोडलेले होते, तिने ती पडताळून न पाहता पुढे पाठवली. यूट्यूब आपला १०२४ पत्त्यांचा गट जाहीर करीत होते. पाकिस्तानातून आलेली दवंडी त्यातल्याच नेमक्या २५६ पत्त्यांची होती. राउटरचा नियम असा की अधिक नेमका पत्ता सांगणाऱ्याचे ऐकावे. टपालातही गावाच्या नावापेक्षा गल्लीचे नाव अधिक कामाचे. त्यामुळे सुमारे दोन तास जगाच्या मोठ्या भागातील यूट्यूबची वाहतूक इस्लामाबादच्या दिशेने वळली आणि तेथे नाहीशी झाली. येथे ठरीव वाट दोषी की शिकलेली? माझे उत्तर असे की ठरीव वाट घरात होती तोवर ती एका सरकारचा निर्णय होती. तो निर्णय चांगला की वाईट हा वेगळा वाद. ती घराबाहेर जाऊ दिली आणि शेजाऱ्याने ती विनाचौकशी खरी मानली, तेव्हा ती जगाची आपत्ती झाली. पत्त्यांवरचा हक्क सहीशिक्क्यानिशी पडताळण्याची व्यवस्था त्यानंतरच्या काळात आली. परंतु ज्याने ती आपल्या दारावर बसवली नाही, त्याच्यापुरती ती नसल्यासारखीच.

तेव्हा ठरीव वाट बहिरी आहे हा जसा तिचा दोष, तसाच तो तिचा गुणही आहे. तिला कोणी फसवू शकत नाही, तिला अफवा कळत नाही. जगात चाळीस ठिकाणी गोंधळ माजला तरी ती आपल्या जागेवर राहते. जेथे एकच दार आहे, किंवा दाराबाहेरच्याचे ऐकणेच धोक्याचे आहे, तेथे हा बहिरेपणा भूषण ठरतो.

आणीबाणीचे दार

ठरीव वाट कोठे केवळ चालण्याजोगी नव्हे तर अत्यावश्यक ठरते, हे दोन अलीकडच्या घटनांनी दाखवून दिले आहे. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक आणि त्याच कंपनीच्या व्हॉट्सॲप व इन्स्टाग्राम या सेवा सुमारे सहा तास जगभर बंद होत्या. देखभालीच्या कामात दिलेल्या एका आज्ञेने कंपनीची स्वत:ची केंद्रे जोडणारे जाळे तुटले. नावावरून पत्ता सांगणारी कंपनीची यंत्रे निराळ्या ठिकाणी होती आणि धडधाकट होती; पण मुख्य केंद्रांशी आपला संपर्क नाही असे दिसताच, ठरवून दिलेल्या नियमाप्रमाणे त्यांनी 'आमच्याकडे येऊ नका' असे जगाला कळवले आणि स्वत:च्या वाटा मागे घेतल्या. यंत्रांनी आपापल्या परीने शहाणपणाच केला. परंतु त्या शहाणपणामुळे, आणि दुरुस्तीसाठी राखलेली स्वतंत्र वाटही त्याच सुमारास निकामी ठरल्यामुळे, कंपनीच्या अभियंत्यांनाच आत शिरता येईना. अखेर माणसांना प्रत्यक्ष इमारतींत जावे लागले, आणि तेथील कडेकोट सुरक्षेतून आत जाण्यास वेळ लागला.

त्यानंतर वर्षही पुरते झाले नव्हते, तोच ८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स या दूरध्वनी कंपनीचे जाळे कोसळले. एका राउटरवर वाटांची छाननी करणारी चाळणी होती. यंत्रणेत बदल करताना ती काढली गेली आणि वाटांचा लोंढा गाभ्याच्या राउटरांवर जाऊन आदळला. ते त्याखाली दबून गेले. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांची सेवा बंद पडली. दुकानांतून कार्डाने पैसे देता येईनात, आणि ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर अनेकांचे दूरध्वनी लागेनात. दुरुस्ती करणाऱ्यांचे जाळेही त्याच कोसळलेल्या जाळ्यावर बेतलेले होते, असे पुढे चौकशीत दिसून आले. कंपनीच्या कर्मचाऱ्यांचे दूरध्वनी अर्थातच कंपनीचेच. त्यामुळे कोठे काय बिघडले हे परस्परांना विचारण्याचीही सोय उरली नव्हती. विहिरीत पडलेल्याला वर काढण्याचा दोर त्याच विहिरीत ठेवावा, तसे हे झाले.

अशा वेळी कामाला येते ती एक वेगळी तार, शक्यतो वेगळ्या कंपनीची, आणि तिच्या टोकाशी हाताने लिहिलेली एक साधी वाट. तिने कोणाशी बोलू नये, कोणाकडून शिकू नये. सारे जाळे वेडे झाले तरी 'दुरुस्ती करणारा येथून आत येईल' एवढेच तिला ठाऊक असावे. जाळे जितके मोठे आणि जितके हुशार, तितकी या मख्ख वाटेची गरज अधिक.

वाटेला मालक हवा

तर मग सर्वत्र ठरीव वाटा लिहाव्यात, की सर्वत्र यंत्रावर सोपवावे? हा प्रश्नच चुकीचा मांडला जातो. जेथे एक दार आहे तेथे ठरीव वाट लिहावी. जेथे अनेक दारे आहेत आणि ती उघडझाप होत असतात तेथे राउटरांना शिकू द्यावे, पण कोणाचे किती ऐकायचे याची चाळणी माणसाने बसवावी. दुरुस्तीचे दार ठरीव आणि स्वतंत्र असावे. आणि जेथे, त्या तालुक्याच्या शाखेप्रमाणे, दोनच दारे आहेत, तेथे पहिल्या वाटेबरोबर दुसरीही लिहून ठेवावी, मात्र तिला विश्वासाचा अंक मोठा, म्हणजे मान कमी द्यावा. पहिली वाट तक्त्यातून गेली की दुसरी आपोआप पुढे येते. पण पहिली वाट जाणार केव्हा? पेटीचे दिवे लागलेले असेपर्यंत ती हटणार नाही, हे आपण पाहिले. म्हणून दर काही सेकंदांनी पलीकडच्या टोकाला साद घालून उत्तर येते की नाही हे पाहण्याची आणि न आल्यास पहिली वाट बाजूला काढण्याची आज्ञाही राउटरला दिली पाहिजे. आज बँका आणि मोठ्या कचेऱ्यांतून असणाऱ्या राउटरांत ही सोय बहुधा असते. त्या शाखेच्या राउटरमध्येही ती होती, असे तो तरुण तंत्रज्ञ म्हणाला. ती कोणी वापरली नव्हती, इतकेच.

'इतकेच' या शब्दात सारा प्रश्न सामावलेला आहे. दुसरी लाइन घेण्याचा ठराव झाला, निविदा निघाली, भाडे सुरू झाले, लेखापरीक्षणात पावत्या जुळल्या. लाइन आहे हे कागदावर सिद्ध झाले. पहिली तोडली तर दुसरी चालते काय, हे मात्र कोणी एकदाही पाहिले नाही. अग्निशामक यंत्र भिंतीवर टांगून ठेवणे आणि आग विझवता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपण जाणतो; पण जाळ्यांच्या बाबतीत टांगलेल्या यंत्रालाच आपण सुरक्षितता समजून बसलो आहोत.

म्हणून सार्वजनिक पैशावर किंवा सार्वजनिक विश्वासावर चालणाऱ्या प्रत्येक संस्थेकडून दोन साध्या गोष्टींची अपेक्षा धरण्याचा आपणास अधिकार आहे. पहिली, प्रत्येक ठरीव वाटेची नोंदवही असावी. ती कोणी लिहिली, कशासाठी लिहिली आणि पुन्हा केव्हा तपासायची, हे तीत असावे. आणि लिहिणाऱ्याची बदली झाली तर ती वाट नव्या माणसाच्या नावावर चढवावी. गावात सातबाऱ्यावर जमिनीला मालक असतो. मार्गतक्त्यातील ओळीला तो का नसावा? दुसरी, तीन महिन्यांतून एकदा पहिली तार मुद्दाम काढून पाहावी, आणि तेही कामाच्या दिवशी, कारण तार तुटताना रविवार पाहून तुटत नाही. दुरुस्तीचे स्वतंत्र दारही त्याच दिवशी उघडून पाहावे.

यावर कोणी म्हणेल की यामुळे दहा मिनिटे काम बंद पडेल आणि लोक ओरडतील. ओरडू द्यावे. पूर्वसूचना देऊन घेतलेली दहा मिनिटे ही सूचना न देता गेलेल्या चार तासांपेक्षा लोक आनंदाने सोसतात. कोणी असेही म्हणेल की आता वाटा लिहिण्याचे कामही संगणकाचा कार्यक्रमच करतो, माणसाच्या हातात काय उरले? उरली ती जबाबदारी. ओळ हाताने लिहिली काय किंवा कार्यक्रमाने लिहिली काय, तसे लिहावे असे कोणीतरी ठरवलेले असतेच, आणि त्या कोणाला तरी नाव असते.

त्या दिवशी पैसे मिळाल्यावर त्या बाई घाईघाईने बसथांब्याकडे निघाल्या. आपली अडचण कशाने झाली हे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि सांगितले असते तरी त्यांचा काय उपयोग होता? शाखेतील माणसे तशी सौजन्याने वागली. यंत्र सांगितल्याप्रमाणे वागले. केबल तोडणाऱ्या मजुरानेही सांगितल्या ठिकाणीच खणले होते. आपापले काम प्रत्येकाने केले होते आणि तरीही मध्ये चार तास गेले. कारण काही वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेली एक ओळ आता कोणाचीच नव्हती. ठरीव वाट लिहिण्यात कमीपणा नाही. लिहून तिच्याकडे पाठ फिरवणे हा अपराध आहे, आणि त्याची शिक्षा आज पाठ फिरवणाऱ्याला होत नाही. ती पायरीवर बसलेल्याला होते.